मुकादमचं पथ्य

३ मार्च

प्रिय चिमे,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. काल फोनवर खोकत होतीस तेवढं सोडलं तर तूही बरीच असशील. रोज फोन होतो तर हे पत्र कशाला, असं म्हणशील. फोन तुझे बाबा टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि मोठ्या आवाजावर लावतात. त्यात मी मुकादमचं नाव काढलं की डोळे वटारतात. तुझी नोकरी नवी, तुला इथल्या काळज्या नकोत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते घड्याळाचे सुटे भाग आणायला बाहेर गेलेत तेवढ्यात शिलाई मशीनवर कागद ठेवून लिहिते आहे.

तर ऐक. मुकादमचं पोट पुन्हा बिघडलंय.

सकाळी उठून बघते तर मशीनखाली सगळा कारभार करून ठेवलेला. आधी पिवळं पाणी, मग न पचलेलं अन्न. मागच्या बाजूचं सांगत नाही, तू कदाचित जेवताना पत्र वाचत असशील. दिवसभर पाठीची कमान करून कोपऱ्यात बसतो. मग भात आणि उकडलेली कोंबडी दिली की गडी ठणठणीत, दाराशी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची हजेरी घ्यायला मोकळा. जरा बरं वाटतंय असं म्हणावं तोच पुन्हा तीच तऱ्हा. तुझ्या घरमालकिणीला कुत्रं चालत नाही म्हणून त्याला आमच्या गळ्यात मारलंस तेव्हा मी कुरकुर केली होती, हे खरं. आता मात्र त्याचं पोट गुरगुरलं की मी हातातलं शिवण टाकून धावते. म्हातारा झाला गं तो. मांजराएवढा जीव, त्यात आता राहिलंय काय?

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. मुलगी तुझ्याच वयाची असेल. दार उघडून मोठ्यांदा म्हणाली, "मुकादमची आजी, आत या!" बाहेर बसलेले सगळे बघायला लागले. तुझ्या लग्नाचा पत्ता नाही आणि मी आजी झाले! असो. तिने रक्त तपासलं, पोट चाचपलं. म्हणाली, म्हाताऱ्या लहान कुत्र्यांचं असं होतं. तेलकट, तुपकट काही पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येते. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा द्या, आणि तुमच्या ताटातलं काहीही देऊ नका. मी ताठ मानेने सांगितलं, आमच्या घरात ताटात काही राहतच नाही. तुला माझा नियम ठाऊक आहे. मी रांधलेलं कुणी टाकलं की माझं डोकं फिरतं. लहानपणी तू गाजराच्या एका फोडीपायी दुपारभर ताटासमोर बसली होतीस.

मग हा खातो काय? मला वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंचा संशय आहे. त्यांच्याकडे लोण्याची बिस्किटं असतात आणि त्यांना कुत्र्यांचा नको तितका पुळका. मी तावातावाने वर गेले आणि चार शब्द सुनावून आले. त्या म्हणाल्या, "अहो ताई, शपथेवर सांगते, मी त्याला हातसुद्धा लावलेला नाही. तो मला बघून दातच दाखवतो." माझा काही विश्वास बसला नाही. जिन्यात भेटलो की आता आम्ही एकमेकींकडे बघत नाही.

बाकी शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, मान मोडून जाते. बाबांच्या पँटी कमरेत आत घेतल्या. वय झालं की माणूस आक्रसतो, चालायचंच. एक नवल मात्र सांगते. हल्ली ते जेवणाची तारीफ करतात! आजवर 'मीठ कमी आहे' यापलीकडे त्या तोंडातून काही निघालं नव्हतं. आता रोज 'छान झालंय गं'. मी आपली हुरळून जाते आणि जास्तीचं लोणी घालते. म्हातारपणी का होईना, किंमत कळली म्हणायची.

खोकल्याला गरम पाणी पी. मुकादमबद्दल फोनवर विचारू नकोस, नाहीतर माझी चोरी पकडली जाईल.

तुझी आई

•

२१ मार्च

प्रिय चिमे,

आशीर्वाद. तुझा खोकला गेला, ऐकून बरं वाटलं. हे पत्र बसून वाच आणि वाचून झाल्यावर लगेच फोन उचलू नकोस, एवढं माझं ऐक.

मुकादम परवा फारच आजारी पडला. पाणीसुद्धा पोटात टिकेना. शिवायचं काम तसंच टाकून त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि नेलं. डॉक्टरीणबाईंनी सुईतून पाणी चढवलं, इंजेक्शन दिलं. मग त्याला काट्यावर ठेवलं आणि आकड्याकडे बघतच राहिल्या. पुन्हा ठेवला. मला म्हणाल्या, "आजी, याचं वजन वाढलंय."

मी म्हटलं, कसं वाढेल? अर्धं तर बाहेरच काढतो.

"तेच म्हणते मी. उकडलेल्या कोंबडीवर कुणी जाड होत नाही. याला रोज कुणीतरी चांगलं भरपेट खायला घालतंय. आणि एक सांगू का, आता पुन्हा असं झालं तर याचा निभाव लागणं कठीण आहे. घरात कोण कोण असतं?"

मी म्हटलं, आम्ही दोघंच. म्हटलं खरं, आणि चिमे, पुढचं माझं मलाच कळलं. त्या गाण्याच्या बाई बिचाऱ्या गेले काही दिवस गावालाच गेल्या आहेत, त्यांच्या दाराला कुलूप आहे. घरी येईपर्यंत मुकादम माझ्या कुशीत होता. मी चालत होते, पण रस्ता काही दिसत नव्हता.

तुझे बाबा खिडकीशी बसले होते, एका डोळ्याला भिंग लावून. मी कपडेही बदलले नाहीत. जे डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. आणखी एकदा झालं तर निभावणार नाही, हेही. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मुकादमच्या पाठीवरून हात फिरवला.

जेवायला बसलो. मटण होतं, त्यांच्या आवडीचं. मुकादमला आत कोंडलं होतं, तरी तो दारामागून नाकाने सूं सूं करत होता. तुझ्या बाबांचे दोन्ही हात टेबलावर, ताटाच्या दोन बाजूंना. माझं जेवून झालं. त्यांचं ताट जसंच्या तसं. रस्सा थंड होऊन वर पांढरा थर धरला. हे त्यांना चुकवता आलं असतं. पोट ठीक नाही म्हणता आलं असतं, नाहीतर हळूच रुमालात बांधता आलं असतं. आयुष्यभर डोळ्याला न दिसणारी चाकं चिमट्याने उचलणारा हात तो, माझ्या नाकासमोरून टेबलाखाली घास गेले आणि मला पत्ता लागला नाही. पण त्या दिवशी ते भरलं ताट त्यांनी मला बघू दिलं.

मग म्हणाले, "गिळवत नाही गं."

मी विचारलं, कधीपासून?

"झाले काही महिने. पातळ जातं. घट्ट असलं की इथे अडकतं." छातीवर बोट ठेवून दाखवलं. "तू एवढं करतेस. ताटात टाकलं की तुला राग येतो. म्हटलं, त्या म्हाताऱ्याचं तरी पोट भरेल."

म्हणजे ती तारीफ कसली होती, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. मी लोणी वाढवत गेले आणि ते सगळं त्या मुक्या जिवाच्या पोटात जात राहिलं.

चिमे, मी शिंपीण आहे. गिऱ्हाईक दारातून आत आलं की कंबर किती आणि खांदा किती हे मला टेप न लावता कळतं. एखादी बाई बारीक झालेली दिसली की मी विचारते, काय गं, बरं नव्हतं का? आणि माझ्या नवऱ्याची कंबर मी दोनदा आत घेतली. दुसऱ्यांदा शिवण उसवली तेव्हा आधीची शिवण माझ्याच हातची होती. तोंडात टाचण्या धरून मी त्यांना म्हणाले, सरळ उभे राहा, हलू नका. ते सरळ उभे राहिले. कुत्र्याला आम्ही काट्यावर चढवलं आणि माणसाकडे बघितलं नाही. हे मी कुणाला सांगू? तुलाच सांगते.

डॉक्टरांकडे चला म्हटलं तर 'बघू' म्हणतात. 'बघू' म्हणजे नाही, हे तुलाही माहीत आहे. आणि तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली आहे. ती मी इथे मोडली. तू फोनवर मात्र नेहमीसारखीच बोल. त्यांना कळलं की तुला सांगितलंय, तर ते आणखी आत आत जातील. मी त्यांना नेणारच आहे. कसं, ते अजून ठरलेलं नाही.

मुकादम आज थोडा भात खाऊन झोपलाय.

तुझी आई

•

१४ एप्रिल

प्रिय चिमे,

आशीर्वाद. तू फोनवर हवापाण्याच्या गप्पा छान मारल्यास. मधे एकदा तुझा आवाज अडकला तेव्हा मी मुद्दाम भांडं पाडलं. तुझ्या बाबांना कळलं नाही, निदान मला तरी तसं वाटलं.

आधी त्यांना कसं नेलं ते सांगते. विनवलं, रागावले, रडले, काही उपयोग झाला नाही. मग एक दिवस ते तिसऱ्यांदा पँट घेऊन आले. जरा आत घेशील का? मी मशीन बंद केलं. म्हटलं, आता सुई लावणार नाही. सुतळी बांधा, दोरी बांधा, काहीही करा. डॉक्टरांकडे जाऊन आलात की हवी तेवढी कंबर शिवून देईन. त्यांनाही चेव आला. एका हाताने पँट धरून घड्याळं पोचवायला जायला लागले. कडक इस्त्रीशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या माणसाची ही तऱ्हा! खाली उतरताना गावाहून परतलेल्या गाण्याच्या बाई समोर आल्या, नमस्कार करायला यांनी सवयीने दोन्ही हात जोडले, आणि व्हायचं ते झालं. बाईंनी चटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. हे तसेच मागे फिरून वर आले, पलंगावर बसले आणि हसू लागले. हसता हसता ठसका लागला, तो कितीतरी वेळ थांबेना. मग म्हणाले, "चल."

त्या बाईंची मी वर जाऊन माफी मागितली. चांगल्या आहेत गं. दवाखान्यात माझ्याबरोबर त्याच बसल्या.

नळी घालून पाहिलं. अन्ननलिकेत गाठ आहे. तपासायला तुकडा पाठवला होता, ती वाईटच निघाली. पसरलेली नाही असं आज तरी दिसतंय. काढून टाकायची आहे, पुढच्या सोमवारी. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. फार उशीर केलात, असंही म्हणाले नाहीत. मी दोन्हीची वाट बघत होते.

घरात आता दोघांचं पथ्य सारखंच आहे. मऊ भात, घोटलेला भोपळा, कोंबडीचं पाणी, थोडं थोडं आणि चार वेळा. एकाच पातेल्यात शिजतं, मीठ तेवढं बाबांच्या वाट्यात नंतर घालते. मुकादमचं पोट एकदम शांत आहे. अंगावरची सूज उतरल्यासारखा बारीक झाला आणि पुन्हा सगळ्यांवर खेकसतो. तुझे बाबा त्याला म्हणतात, "तुझं बरं आहे लेका, तुला मीठ लागत नाही." वाटीत उरलं तर उरतं. मी उचलते आणि काही बोलत नाही. हे शिकायला मला फार वेळ लागला.

आता मुख्य गोष्ट. मी आज दुपारी गणवेशाच्या बटणांची काजं करत बसले होते. ते खिडकीशी होते, पण भिंग डोळ्याला लावलेलं नव्हतं. म्हणाले, "चिमीला लिहिलंस ना?"

मी सुई कापडात टोचून ठेवली.

"अगं, माहीत आहे मला. इतकं हवापाणी ती कधी विचारत नाही. काय लिहिलंस?"

मी म्हटलं, सगळं.

त्यांनी भिंग उचलून सदऱ्याला पुसलं. मला वाटलं, आता शपथ मोडल्याचं काढतील. मग म्हणाले, "ये म्हणून लिहिलंस?"

मी म्हटलं, नाही. तिची नोकरी नवी आहे, तुम्हीच म्हणता ना.

"हो, ते म्हटलं होतं मी." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तरी लिही. सोमवारच्या आत ये म्हणावं. फोन नको करूस, तिचा आवाज ऐकला की मी पुन्हा नको म्हणेन."

इतक्या वर्षांत या माणसाने माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. पाणीसुद्धा उठून घेतात. म्हणून गणवेश बाजूला टाकून हे लिहायला बसले. गाण्याच्या बाईंचा भाऊ आज तुझ्याच गावाला निघालाय, त्याच्या हाती देते आहे.

रजा मिळाली तर रजा घेऊन ये, नाही मिळाली तर न घेता ये. मी आजवर तुला हे कळू दिलं नाही, पण मला खूप भीती वाटते आहे.

वाट बघणारी,
आई