टिकारामला न विचारता

२ डिसेंबर २०१९
पनागरहून मटरचा पहिला फेरा आणला. भाऊरावचा माल. पूर्ण सीझनचं काम त्यानं मलाच दिलं आहे. येताना रेल्वे पुलाच्या चढावर डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. पिकअप नऊ वर्षांची आहे, दिवे लागणारच. मी फॅक्टरीत एकतीस वर्षं इंजिनं जोडली. इंजिनला काय झालं ते मला कानानं कळते. दिव्याची गरज नाही.

पुष्पा म्हणाली, टिकारामले दाखवून द्या ना, त्याच्याकडे मशीन आहे.

हा टिकाराम माझ्या हाताखाली हेल्पर होता. पाना कसा धरायचा ते मी शिकवलं त्याला. आता मदन महलला गॅरेज टाकून बसला तर बायको मलाच त्याच्याकडे पाठवून राहिली.

ठराव : दिव्याचं कारण मी स्वतः शोधणार. टिकारामला न विचारता.

३ डिसेंबर
रिकामी गाडी घेऊन निघालो. दिवा आपोआप गेलेला. इंजिनला माणूस कळतो.

४ डिसेंबर
माल भरला. पुलावर दिवा हजर. डिझेल फिल्टर बदलला.

५ डिसेंबर
रिकामी गाडी. दिवा नाही. म्हणजे फिल्टरच होता. पुष्पाला सांगितलं. ती काहीतरी बोलली, पण आजकाल फार हळू बोलते. अशक्तपणा असेल. तिला डॉक्टरला दाखवायला पाहिजे.

६ डिसेंबर, दुपार
भरलेली गाडी. दिवा.

८ डिसेंबर, रविवार
मदन महलला दुसऱ्या कामानं गेलो होतो. काम आता आठवत नाही. टिकारामच्या गॅरेजसमोर चार गाड्यांची लाइन. रविवारी. मोठा बोर्ड, आत फिरती खुर्ची. थांबलेले लोक त्याला टिकारामजी म्हणून राहिले होते. फॅक्टरीत त्याला सगळे टिक्या म्हणत.

मला पाहून हात पुसत बाहेर आला आणि चार लोकांसमोर पाया पडला. म्हणाला, उस्ताद, आइए, बैठिए. आपण किती नम्र आहोत हे गिऱ्हाइकांना दाखवायचं, दुसरं काय. फिरती खुर्ची मला दिली. खुर्ची चांगली आहे.

मशीन म्हणजे टिफिनच्या डब्याएवढं खोकं. स्टीअरिंगखाली लावायचं, नंबर येतो, तो वाचायचा. वाचता तर मलाही येते. यात विद्या काय आहे?

त्यानं विचारलं, गाडी कशी आहे? म्हटलं, एकदम फर्स्ट क्लास.

१० डिसेंबर
बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवली. दिवा गेला. घड्याळही गेलं, गाडीत आता चुकीचा टाइम दिसून राहिला. मोठ्या कामात असं होते.

११ डिसेंबर
दिवा.

१२ डिसेंबर
हवेचा सेन्सर नवीन टाकला. दिवा आहेच. जुना सेन्सर चांगला होता असं आता वाटते. चढावर गाडी दमते, मागून काळा धूर सोडते.

भाऊराव म्हणाला, पुंडलिकभाऊ, माल मंडीत उशिरा पोहोचून राहिला, तोपर्यंत भाव उतरून जाते. मंगळवारपर्यंत पाहतो, नाहीतर मला दुसरी गाडी लावावी लागेल. मी म्हटलं, मंगळवार कशाला, उद्याच.

१३ डिसेंबर
दिव्यावर काळी टेप लावली. पुष्पानं विचारलं, काहून? म्हटलं, डोळ्यावर येतो. दिवसभर एकदाही दिवा दिसला नाही.

१५ डिसेंबर, रविवार
टिकाराम घरी आला. पुष्पासाठी पेरू घेऊन. तिनं त्याला शेंगदाणे टाकून पोहे केले. मला सकाळी चहासोबत दोन टोस्ट मिळाले होते. मी आत गेलो की दोघं हसत. बाहेर आलो की गप्प. इतक्या वर्षांत मीही पेरू आणले असतीलच की. पण माझे पेरू लक्षात ठेवायचे नाहीत असं या घरात ठरलेलं आहे.

त्यानं न विचारता माझ्या टीव्हीचा आवाजही कमी केला.

जाताना पिकअपजवळ उभा राहिला. म्हणाला, उस्ताद, वहिनीनं सांगितलं चढावर दमते म्हणून. टर्बोकडून येणारा हवेचा रबरी पाइप एकदा पाहून घ्या. म्हटलं, पाहिला.

पाहिला नव्हता. आणि आता पाहताही येत नाही, कारण पाइपच निघाला तर टिकारामनं शोधलं असं होते.

१६ डिसेंबर
तरी पाहिला. इंजिन बंद, गाडी थंड. वरून पूर्ण हात फिरवला. पाइप ठीक. टिकाराम चुकला.

चौकातून जिलेबी आणली. पुष्पानं विचारलं, काय विशेष? म्हटलं, काही नाही. या थंडीतला सगळ्यात चांगला दिवस.

१७ डिसेंबर, मंगळवार, संध्याकाळ
आजचं नीट लिहून ठेवतो.

पुष्पा सकाळी माझ्यासोबत पनागरला आली होती, बहिणीकडे, इंदूकडे. परत येताना गाडी भरलेली. पुलाच्या अर्ध्या चढावर गाडीचा जीवच गेला. पहिल्या गिअरवरही पुढे सरकेना. मागे ट्रॅक्टर, ऑटो, सगळे हॉर्न वाजवून राहिलेले. कशीबशी बाजूला घेतली. भाऊराव मागून मोटरसायकलवर येतच होता. तो थांबला आणि मोबाइल काढून दुसऱ्या गाडीवाल्याचा नंबर शोधू लागला.

मी बॉनेट उघडून पाहत होतो तेवढ्यात पुष्पानं मला न सांगता फोन केला. टिकाराम स्कूटरवर आला. चार गाड्यांची लाइन सोडून आला असं पुष्पानं मला दोनदा सांगितलं.

त्यानं मशीन लावलं. नंबर वाचला. म्हणाला, हवा कमी पडून राहिली. मग मशीन बाजूला ठेवून मला म्हणाला, उस्ताद, मी रेस देतो, तुम्ही ऐका. तुमच्यासारखा कान कोणाचा नाही.

मी वाकलो. त्यानं रेस दिली. पुष्पा माझ्याकडे पाहत होती, भाऊराव फोन हातात धरून पाहत होता. टिकारामनं खिडकीतून विचारलं, आला आवाज? म्हटलं, आला. म्हणाला, कुठून? मी बोट दाखवलं.

पुष्पानं मान खाली घातली.

टिकाराम उतरून आला. पुष्पाला म्हणाला, वहिनी, पाय ठेवा जरा रेसवर. मग माझं मनगट धरून माझा हात पाइपाच्या खालच्या बाजूला नेला. तिथे तळहातावर हवेचा जोराचा फटका बसला. पाइप खालून चिरला होता. इंजिन बंद असलं की चीर मिटते, जोर पडला की उघडते.

टिकाराम वळून भाऊरावला म्हणाला, उस्ताद ने पकड़ लिया. पाइप आहे.

रबर गुंडाळून वर क्लॅम्प आवळले. माल मंडीत वेळेत पोहोचला. भाऊरावनं काम माझ्याकडेच ठेवलं.

म्हणजे दोष मी पकडला. भाऊराव साक्षीदार आहे.

१८ डिसेंबर
नवीन पाइप टाकला. टेप काढली. दिवा नाही.

कालचं पूर्ण लिहिलं नाही. पुष्पा म्हणते शिट्टी वाजत होती. कुकरसारखी. म्हणे आठ दिवसांपासून गाडीत बसलं की वाजते, मी तुम्हाला सांगून सांगून थकली. भाऊरावलाही ऐकू येत होती. मागच्या ट्रॅक्टरवाल्यालाही.

मला आली नाही. कान अगदी पाइपाला लावला होता तरी आली नाही.

टिकारामला हे कळलं. त्याला कळलं, याचाच मला जास्त राग येऊन राहिला. तो खोटं बोलला, तेही चांगलं.

२० डिसेंबर
नेपियर टाउनला कानाच्या डॉक्टरकडे. पुष्पाच्या समाधानासाठी.

काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडची मुलगी मशीनला हात लावायची तेव्हा मी बटण दाबत होतो. चांगलं जमून आलं होतं. मग तिनं मला भिंतीकडे तोंड करून बसवलं.

दोन्ही कान, डावा जास्त. डॉक्टरनं विचारलं, काम काय करत होते? म्हटलं, इंजिनं जोडत होतो, एकतीस वर्षं. त्यानं मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. इथेही मशीनच. जिकडे जावं तिकडे मशीन लावून माणसाची किंमत काढतात.

परतताना ऑटोत पुष्पा बराच वेळ बोलली. ऑटोचा आवाज फार होता. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. हो म्हटलं. ती खुश झाली.

२२ डिसेंबर, रविवार
टिकाराम बायकोला, विनताला घेऊन जेवायला आला. मी हो म्हटलं होतं म्हणे.

पुष्पानं पुरणपोळी केली. मागच्या पोळ्याला मागितली होती तर म्हणाली होती, गुडघे दुखतात. टिकारामनं पाच खाल्ल्या. तिनं त्याला माझ्या उजव्या हाताला बसवलं, आणि तो पूर्ण वेळ मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलला. फक्त माझ्यासाठी. बाकीच्यांशी साध्या आवाजात.

सगळं ऐकू आलं. सगळं माझ्या गाडीबद्दल होतं, आणि सगळं बरोबर होतं.