घुमटाखालचं उलटं पान

४ मार्च

सभागृहाच्या छताला पानांची नक्षीदार पट्टी आहे. सगळ्या पानांची टोकं घुमटाकडे, एकाचंच दाराकडे. का? मला माहीत नाही! आज पाहुण्यांना इमारत दाखवायच्या फेरीत एका आजोबांनी मान वर करून विचारलं, "पोरी, ते एक पान रुसलंय का?" लोक हसले. मीही हसले आणि फेरी पुढे नेली.

नंतर आमच्या मुख्य बाई म्हणाल्या, "माहितीपुस्तिकेत शेवटी दिलंय की! शिल्पकारानं मुद्दाम ठेवलं. माणसाचं काम कधी पूर्ण होत नसतं, हे सांगायला."

किती सुंदर! मी जिन्यात उभी राहून तीनदा वाचलं.

तेरा तारखेला माझी परीक्षेची फेरी. बाई मागून चालत ऐकणार. पसंत पडली तर नोकरी कायम.

६ मार्च

अकरा वाजता रंगीत काचांतून जिन्यावर निळा उजेड पडतो. त्यात उभं राहून लोकांना इमारत दाखवायची — हे माझं काम आहे!

८ मार्च

जेवताना घरी पानाची गोष्ट सांगितली. अगदी हातवारे करून. बाबांचा घास हातातच राहिला.

"मुद्दाम कसलं! मीच चिकटवलंय ते."

पाणी मुरून छताची ती सगळी बाजू पडली होती, तेव्हा बाबा तिथे गिलाव्याच्या कामावर होते. मी दोन-तीन वर्षांची. प्लास्टरची पानं साच्यातून काढायची, बांबूच्या परांचीवर पाठीवर झोपून छताला लावायची. "एक दिवस घाईत उलट्या बाजूनं चढलो. डोकं दाराकडे. लावलं पान. परांची उतरवल्यावर दिसलं, तोवर मुकादम बिल देऊन मोकळा!"

आई म्हणाली, "आणि मी चादर जरा तिरकी घातली की तासभर ऐकवता!"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग बाबा हळूच म्हणाले, "बाईंना यातलं काही बोलू नकोस हं. आधी नोकरी पक्की होऊ दे. पुस्तिकेतलंच सांग. गोड आहे ते."

११ मार्च

आज एकटीच सभागृहात गेले. खुर्च्यांमधल्या वाटेवर पाठ टेकून झोपले, बाबांसारखी. दोन मिनिटांत मान अवघडली. बाबा चार महिने असे झोपले. संध्याकाळी पापण्यांवर पांढरी पूड घेऊन यायचे, असं आई सांगते. मी शिकले ती त्याच हातांच्या कमाईवर. आणि आता त्याच छताखाली उभी राहून दुसऱ्याचं नाव घेऊ?

पण बाबांनी नको म्हटलंय. बाईंना पुस्तिका पाठ आहे.

१३ मार्च

सांगितलं. बाईंसमोर, बावीस पाहुण्यांसमोर. "हे पान माझ्या वडिलांनी लावलं. चुकून उलटं. त्या बाजूची बाकीची चाळीस सुलट आहेत. तीही त्यांचीच."