पडद्यावर नसलेली ओटी

अव्वा, काल सदलग्यात तुझा बायस्कोप दाखवला. तुझा म्हणजे तू बघितलेला. मी पोटात असताना आपल्या बेळगावच्या शहापुरात तंबू आला होता आणि शेजारच्या आक्काबरोबर जाऊन तू एका संताचं चरित्र बघून आलीस, तोच. तू गेल्यावर मी कुठं टिकलो नाही. मागावर बसलो तर पाय दुखायचे, निपाणीत तमाकूच्या वखारीत राहिलो तर शिंकून शिंकून जीव जायचा. आता तंबूवाल्याबरोबर गावोगाव हिंडतो. गल्लीतल्या कानडी पोरांचं ऐकून तुला अव्वा म्हणायला लागलो होतो, ते मात्र सुटलं नाही. बघ, सांगायचं होतं एक आणि चाललोय भलतीकडंच. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हातातली कांडी सोडून कुठं बघतोस रं?"

रहाटावर सुताच्या कांड्या भरता भरता तू तो बायस्कोप सांगायचीस. आप्पांच्या मागाची खटखट चाललेली आणि त्या खटखटीवर तू आवाज चढवून सांगतेयस. संताची आई गरोदर असते आणि तिचं काम एक बाप्या करतो. "गळ्याची गाठ दिसत हुती रं! पोटाला लुगडं गुंडाळल्यालं, आन् चालतोय कसा, तर कुणाची तरी घागर चोरून पळाल्यागत!" आपण दोघं हसून हसून रहाटाला टेकायचो. मग तुझा आवाज खाली यायचा. त्या बाईला पाटावर बसवतात. हिरवं लुगडं, हातात हिरवा चुडा. पाचजणी येऊन तिच्या ओटीत खण, नारळ, तांदूळ घालतात. एका म्हातारीच्या ओंजळीतून तांदूळ सांडतात. ती वेचायला वाकते तर म्हातारी म्हणते, "तू वाकू नगंस, बाळ." एवढं सांगून झालं की तू थोडा वेळ रहाट फिरवायचीच नाहीस. माझ्या आधीची दोन गेली, म्हणून माझ्या वेळी आजीनं घरात ओटी, डोहाळजेवण काहीच करू दिलं नव्हतं, हेही तूच सांगितलं होतंस. मी विचारलं होतं, "मग तुझी ओटी कुणी भरली गं?" तू म्हणालीस, "धागा तुटला बघ तिकडं." धागा काही तुटलेला नव्हता.

या तंबूवाल्याकडं मी टिकलो तो त्या बायस्कोपापायीच. मालक चिकोडीकडचे जैन, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दिवस मावळायच्या आत जेवून घेतात आणि मग तिकिटांच्या पेटीवर बसतात ते खेळ संपेपर्यंत. आता सगळीकडं बोलपट झालेत, पण वीज नसलेल्या गावांतून अण्णांची जुनी मुकी रिळं अजून चालतात. त्यात एकदा ती गळ्याची गाठ दिसली आणि मी जागचा उठलोच. तोच बाप्या, तीच घागर चोरल्यागत चाल! आता पाट मांडतील म्हणून मी डोळे लावून बसलो. पाट आला नाही. पाटी आली, नऊ महिने सरले असं लिहिलेली, आणि रीळ संपलं. पुढच्या रिळात एकदम पाळणा.

"अण्णा, मधलं रीळ कुठाय? ओटीचं?"

"कसलं ओटीचं? नवं असताना मीच आणलंय ते. असं कायबी न्हाय त्यात."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, तोही उशिरा. सगळा बायस्कोप पांढरा नि काळा, आणि तुझ्या गोष्टीतलं लुगडं हिरवं. बायस्कोप मुका, आणि म्हातारी बोलते. म्हणजे तू पडद्याकडं बघत नव्हतीस, अव्वा. त्या तंबूत बायकांनी तुझीच ओटी भरली असेल. नाहीतर कुणीच भरली नसेल, आणि रहाटावर बसून तू तुझी तूच भरत असशील. या दोन्हींतलं खरं कुठलं, ते मला कळत नाही.

पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगायचं काम आता माझ्याकडं आहे. पहिलं रीळ संपून दुसरं चढेपर्यंत कंदील लावतात, तेवढा वेळ लोकांना धरून ठेवायचं. त्या वेळात मी ओटी सांगतो. हिरवं लुगडं, पाचजणी, सांडलेले तांदूळ, सगळं. बायस्कोपात हे आहे असंच लोकांना वाटतं. काल सदलग्यात दोघीतिघी नारळ, खण घेऊन पडद्यापाशी आल्या. पुढंच एक पोरगी बसली होती, दिवस भरत आलेली, पदर तोंडापर्यंत ओढलेला. एक म्हातारी म्हणाली, "कापडाची ओटी भरून काय करतासा गं? हिची भरा की." दुसरी पुटपुटली, "तिच्या सासूला चालायचं न्हाय." म्हातारी म्हणाली, "सासू हाय व्हय हितं? बस गं तू." आणि भरली. हळदकुंकू नव्हतं, पाट नव्हता, नुसत्या गोणपाटावर. तांदूळ सांडले. पोरगी वाकायला लागली आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "तू वाकू नगंस." सगळ्या हसल्या. ती हसली नाही. तिनं ओटी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

तेवढ्यात मागनं अण्णा ओरडले, "अरं, दुसरं रीळ चढलं, पोरगं पाळण्यात येऊन पडलंय, आता तरी गप की!" कंदील विझवला. पुढचं चरित्र मी काय सांगितलं ते मला आठवत नाही.

हे पत्र धाडायचं कुठं? उद्या गाडी निघाली की रिळांच्या पेटीत तळाला घालून ठेवीन. एक तेवढं सांगतो. तुझ्याबरोबर आलेली शेजारची आक्का अजून शहापुरात आहे. त्या तंबूत तुझी ओटी भरली का, ते तिला विचारलं तर एका शब्दात कळेल. बेळगावला गेलो की दर खेपेला त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जातो, मागांची खटखट ऐकतो आणि परत फिरतो. ती नाही म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी कंदील लागल्यावर मला ओटी सांगता यायची नाही.