घागरीखालचे हात

मी इंद्रभान तुकाराम गोटे, वय चौऱ्याहत्तर, धंदा बोर्ड रंगवण्याचा, राहणार कामरगाव, जिल्हा वाशिम. डोके ठिकाणावर आहे, शिडीवर मात्र आता चढवत नाही. कोणाच्या दबावाखाली नव्हे, जिवाला स्वस्थता नाही म्हणून हे लिहून ठेवतो.

१. राहते घर पत्नी प्रयागबाईचे. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये. गल्लीतल्या मदनसिंगने नेलेली शिडी परत आणू नये. तिची वरची पायरी मोडकी आहे, त्याला कळेलच.

२. ज्या शहराच्या नगर परिषदेचे बोधचिन्ह मी काढले, त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. झेंड्यावर, घंटागाडीवर, मृत्यूच्या दाखल्यावरही तेच आहे: विहीर, कापसाचे बोंड आणि वर घागर. घागर म्हणजे समृद्धी, असे मुलांना सांगतात. ते खोटे आहे. मूळ चित्रात ती घागर लिलाबाई इंगोले यांच्या डोक्यावर होती, दोन्ही हातांनी धरलेली. त्या तिथल्या बुद्धविहारामागे राहतात. मी त्यांना दोन तास उन्हात उभे करून चित्र काढले होते. बोधचिन्ह ठरवणाऱ्या समितीतले एक जण म्हणाले, "बाई वळखू येते. तिले काढ, घागर राहू दे." काम जाईल म्हणून मी भ्यालो आणि बाई काढून टाकली.

३. कार्यालयाच्या भिंतीवर चित्र आधीच ऑइलपेंटने झाले होते. खरवडायला हात धजेना, म्हणून बाईवर तेवढा चुना मारला. ऑइलपेंटवर चुना टिकत नाही, हे नवशिक्यालाही कळते. दर उन्हाळ्यात पोपडे पडतात आणि हात दिसू लागतात. चेहरा अजून आलेला नाही. मला बोलावतात, मी पुन्हा पांढरे करतो. तेवीस वेळा केले. आता घरातल्या घागरीकडेही माझ्याने पाहवत नाही. मला भीती वाटते, स्पष्टच लिहितो.

४. मूळ चित्राचा पुठ्ठा लिलाबाईंची नात निकिता हिचा.

५. ब्रश मुलगा सतीशचे, पण एका अटीवर. यंदा भिंतीचे बोलावणे आले की त्याने चुना नेऊ नये. निकिताकडचा पुठ्ठा पाहून लिलाबाई पूर्ण रंगवाव्यात, चेहऱ्यासह. सतीश म्हणतो, "बाबा, माह्यं कंत्राट जाईन." जाऊ दे. त्याला जमत नसेल तर ब्रशही निकिताला द्यावेत.

६. साक्षीसाठी आज लिलाबाईंना बोलावले. पुठ्ठा दाखवला, सगळे सांगितले, माफी मागितली. त्यांनी पुठ्ठ्यावरच्या चेहऱ्यावरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "मले वाटे, माह्यं तोंड तुमालेच आवडलं नसन."

एवढी वर्षे त्या हेच धरून होत्या. खाली सही करतो.

ठिकाण: कामरगाव
दिनांक: ९ मार्च २०२५

(सही) इंद्रभान तुकाराम गोटे

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. गोविंदसिंग ठाकूर, शेजारी (सही)
२. लिलाबाई पुंडलिक इंगोले (डाव्या हाताचा अंगठा)