निरोगी, क्रमांक चार

प्रिय ठमे,

अक्षर लागलं नाही तर चिडू नकोस. पेन बदललं, चष्मा बदलला, तरी मुंग्याच उमटतात. गेल्या सुट्टीत मी जिन्यात पडलो तेव्हा तू उखडली होतीस, की खाली न बघता कसले चालता. शर्टावर सांडलेला चहा बघून म्हणालीस, म्हातारपण म्हणजे दुसरं बाळपण. मी हसलो, कारण मलाही तसंच वाटत होतं.

शाळा सुटल्यावर तू माझ्या स्कॅनच्या खोलीत येऊन बसायचीस. काचेपलीकडे पेशंट यंत्रात, अलीकडे आपण. आमच्या डॉक्टरीणबाईंचा एका दुर्मिळ आजाराचा अभ्यास तेव्हा नुकताच सुरू झाला होता. माणसं ताठरतात, मागच्या मागे पडतात, नजर खाली वळत नाही. मेंदूच्या देठाचा वरचा भाग झिजतो आणि बाजूने घेतलेल्या चित्रात लांब चोचीचा पक्षी दिसतो. बाईंच्या आधी तो तूच दाखवलास. या काकांच्या डोक्यात पक्षी बसलाय, म्हणालीस. आम्ही सगळे हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

यंत्राची सेटिंग बदलली की पेशंटच्या आधी मीच आत झोपायचो. अकरा वर्षांत चौदा वेळा. ती चित्रं वाया नकोत म्हणून बाईंनी मला अभ्यासातल्या निरोगी माणसांच्या यादीत घातलं, क्रमांक चार. तुझी आई म्हणायची, मेंदू असल्याचा पुरावा मिळाला एकदाचा. पण खरं सांगू? आम्ही चित्र स्वच्छ आलंय का एवढंच बघायचो. डोकं कुणी बघितलंच नाही.

गेल्या महिन्यात यंत्रातून बाहेर आलो, पडद्यावर सहज नजर टाकली आणि पक्षी दिसला. चौदाही चित्रं ओळीने लावली. चोच वर्षावर्षाला निघत आलेली. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या, एकेक चित्र मोठं करून बघत गेल्या. शेवटी मीच म्हणालो, चार नंबर रिकामा करा.

औषध नाही. आधी बोलणं जाईल, मग गिळणं. मला भीती वाटते, ठमे, तुझ्यापासून काय लपवू? हा आजार सहसा वारशाने येत नाही, हे मात्र मी बाईंना तीनदा विचारून घेतलंय.

आजार दिसायच्या आधीपासूनची अशी सलग चित्रं त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचीच नाहीत. पण चित्रातलं पक्कं ठरतं ते मेंदू हातात आल्यावरच. म्हणून मी गेल्यावर माझा मेंदू त्यांना द्यायचा अर्ज भरलाय, सोबत ठेवलाय. त्यावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते, आणि मला तू एकटीच आहेस. आई गेली तेव्हा तिचे डोळे द्यायचे होते, तू तिला कुणाला हात लावू दिला नाहीस. मीही गप्प बसलो. आज तेच तुझ्याकडे मागतोय. फोनवर तू रडली असतीस आणि मी विषय बदलला असता, म्हणून हे पत्र. माझी सही बारीक आहे, तुझी मोठी कर. टपालाने पाठवू नकोस, घेऊन ये आणि माझ्या डोळ्यांसमोर धर. खाली ठेवलेलं मला आता दिसत नाही.

तुझाच,
बाबा