टाळ्यांनंतर आलेली सम

शनिवार, संध्याकाळ. बूढापारा.

कथकले पेटीवर नगमा धरायचा म्हणजे सोळा मात्रांची एकच ओळ, नाच संपेपर्यंत फिरवत राहायची. तिची पहिली मात्रा म्हणजे सम, नाच, तबला अन् पेटी तिथंच भेटतात. तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. चुकली तरच देतात.

पण आज मी चुकली नाही. नाचणारी स्वाती शेवटच्या तिहाईत, तोच तुकडा तीनदा घेऊन, सम समजून एक मात्रा आधीच थांबली, अन् तबल्यावरचे भैया तिले सांभाळायले तिच्यासोबत गेले. पाय आणि थाप एकदम पडले, अख्खा हॉल टाळ्या वाजवू लागला. माझी सम त्यानंतर आली. एकटी. खरी तीच होती!

मग पहिल्या रांगेतल्या काकू माझ्याकडे पाहून काहून हसल्या? निघताना तर बोलल्याच, "पोट्टी काय नाचली! पेटीवालीनं तेवढी गडबड केली."

स्वाती बाजूलेच घुंगरू सोडत होती. तिनं ऐकलं, पण मान वर केली नाही. काकू गेल्यावर हळूच म्हणते, "दीदी, कल के शो में आप भी हमारे साथ ही सम पे आ जाना."

म्हणजे चूक कोणाची, हे तिले माहीत आहे.

लोकांले ताल नको, तिघं एकत्र थांबलेले पाहिजेत. पण मीही ओळ सोडली तर ही पोट्टी परत येईल कुठं?

घरी यांनी विचारलं, "टाळ्या पडल्या ना?"

"हव."

"मग तोंड काहून उतरलं?"

काय सांगू? टाळ्या पडल्या तेव्हा माझ्या पेटीवर एक मात्रा बाकी होती.