मी बनवलेला फिलिपिनो कवी

७ ऑगस्ट, गुरुवार

केलं. करायला नको होतं, पण केलं.

तनयाच्या एमएच्या फोटोंमध्ये एक खोटी कविता घुसवली! ती जिमला गेली होती, टॅबलेट टेबलावर उघडाच होता. तिचा थिसिस आहे फिलिपिन्सवर — दुसऱ्या महायुद्धात तिथे जपान्यांचं राज्य होतं, तेव्हा तिथले लोक काय लिहायचे. लंडनला लायब्ररीत जाऊन तिने जुन्या मासिकांच्या पानांचे फोटो काढून आणलेत. आता त्यात एक पान माझं.

का? कारण मी मॅथ्सच्या रीसिटला, म्हणजे फेरपरीक्षेला, बसलोच नाही हे तिने बाबांना सांगितलं. सख्खी बहीण! तोंडावर 'ताई' म्हणावं लागतं, इथे नाही म्हणणार. बाबांनी शिक्षा दिली — रोज मराठीत लिही. वाचणार नाही म्हणाले. ते शब्दाचे पक्के आहेत. तेवढं एकच बरंय त्यांच्यात.

८ ऑगस्ट

रेसिपी लिहून ठेवतो. टाइपरायटरचा फॉन्ट. कागद आईच्या उरलेल्या चहात बुडवायचा, हेअरड्रायरने वाळवायचा, थोडा चुरगळायचा. डायनिंग टेबलावर ठेवून फोटो. ऐंशी वर्षं जुना!

कविता पण माझीच. आमच्या घरात इंग्लिश बोललं की बाबा वायफाय बंद करतात. मराठी बोललो की चुका काढतात, तेही पाहुण्यांसमोर. 'माझी फोन नाही रे वरद, माझा फोन.' मग सगळे हसतात. नॉटिंगहॅममधले सगळे मराठी डॉक्टर आमच्याच घरी येऊन हसतात! मी मग बोलतच नाही.

तनया सांगत होती, जपान्यांनी पण तिथे अमेरिकनांचं इंग्लिश मागे ढकललं. तुमच्या भाषेत लिहा म्हणाले. मासिकांवर त्यांचाच पहारा. तेव्हा लोक हायकू लिहायला लागले, तीन ओळी, पाच-सात-पाच अक्षरं, त्यांच्या टागालोग भाषेत. मला वाटलं, एवढंच? टेक्स्ट मेसेज याहून मोठा असतो. मी पण एक केला —

घरी हुकूम —
आपली भाषा बोल.
म्हणून गप्प.

मी काम करतो त्या टेकअवेमध्ये, म्हणजे पार्सलच्या हॉटेलात, माझ्याबरोबर जोएल आहे, फिलिपिनो. त्याच्या मम्मीने टागालोगमध्ये करून दिला, तिथे पण पाच-सात-पाच बसवून. कॉलेजचं काम आहे सांगितलं. आता तनया हे थिसिसमध्ये टाकणार, प्रोफेसर हसणार. यावेळी पाहुण्यांसमोर ती!

११ ऑगस्ट

काहीच नाही. फोटो बघितले की नाही? तिच्या चेहऱ्यावरून कधी काही कळत नाही. साप.

१४ ऑगस्ट

वाट लागली.

जेवताना बाबांनी भाषण सुरू केलं. 'बघ, इंग्लिश बंद झालं म्हणून फिलिपिनोंची भाषा वाढली की नाही?' म्हणजे बाबा सैनिकांच्या बाजूने! तनया म्हणाली, वाढली बाबा, पण बंदूक समोर ठेवून कोण मनातलं बोलतं? आणि लॅपटॉप उघडला. म्हणाली एक नवीन कविता सापडलीये, कवीचं नाव नाही. थिसिसचा शेवट याच्यावरच करणार.

मी पोळीचे तुकडे करत बसलो.

तिने आधी टागालोगमध्ये वाचली, मग मराठीत. जवळजवळ माझेच शब्द! बाबा म्हणाले, परत वाच. तिने वाचली. मग चष्मा लावून त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला आणि खूप वेळ तो फोटो बघत बसले. आमटी गार झाली.

'बिचारा,' म्हणाले. 'कोणाचा तरी मुलगा असेल.'

१५ ऑगस्ट

गूगल केलं. थिसिसमध्ये खोटा पुरावा म्हणजे नापास. तिची पीएचडीची सीट पण जाऊ शकते. मला तिला फजीत करायचं होतं, युनिव्हर्सिटीतून बाहेर नव्हतं काढायचं. सबमिशन पुढच्या शुक्रवारी.

१६ ऑगस्ट

'माझी चार्जर कुठेय?' म्हणालो. मुद्दाम. बाबांनी फक्त चार्जर दिला. आजारी आहेत का?

१७ ऑगस्ट

आज चुकून आख्खं वाक्य इंग्लिशमध्ये. वायफाय चालू!

१९ ऑगस्ट

सांगून टाकलं.

तनया किचनमध्ये टोस्टला बटर लावत होती. मी दारातच उभा राहिलो.

'ताई, ते पान मी बनवलंय.'

'माहितीये.' वर पण नाही बघितलं.

'कधीपासून?'

'पहिल्या दिवसापासून. फोटोच्या कोपऱ्यात आपल्या टेबलाच्या प्लास्टिकचं फूल आलंय, गाढवा.'

आमच्या टेबलावर ते फुलाफुलांचं प्लास्टिक आहे, आईने लेस्टरहून आणलेलं. मी रोज त्याच्यावर जेवतो. मला दिसलंच नाही!

थिसिसमध्ये तिने ते टाकलंच नव्हतं. कधी टाकणारही नव्हती. मी इकडे पाच दिवस मरतोय आणि ही आरामात टोस्ट खातेय! खूप राग आला. मग बाबांना का वाचून दाखवलीस, विचारलं.

'तू वाचली असतीस तर त्यांनी चुका काढल्या असत्या,' ती म्हणाली. 'मेलेल्या फिलिपिनोच्या चुका ते काढत नाहीत.'

अर्धा टोस्ट मला दिला. रीसिटचं सांगायला नको होतं, असंही म्हणाली. बटर कमी होतं. खाल्ला.

२२ ऑगस्ट

तिने सबमिट केलं. मी पुढच्या रीसिटचा फॉर्म भरला. कोणी सांगितलं म्हणून नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

जेवण झाल्यावर बाबा टेबल पुसत होते. तनया वर होती. त्यांचा हात एका फुलावर थांबला.

'हे प्लास्टिक तेव्हा मनिलात पण मिळायचं वाटतं,' म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. फडकं पिळलं, नळावर वाळत टाकलं. जाता जाता, 'त्याने अजून काही लिहिलं तर मला वाचायला आवडेल. कुठल्याही भाषेत.'

तनयाला वाटतंय तिने बाबांना फसवलं. खूप खूश आहे. हे वाचणारा तू जो कोण असशील — तिला सांगू नकोस. बाबांना पण नको की मला कळलंय. कोणालाच नको, प्लीज, प्लीज.